शार्कसाठी कॅमेरा घेताय? जरा थांबा!

किन्हीराजात राहून शार्कचे फोटो काढायचे आहेत असं कुणी म्हटलं की लोक आधी हसतात. हसू द्या. मालेगाव-शेलूबाजार रस्त्यावरचं आपलं गाव. इथून समुद्र गाठायचा तर रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या पुढे जावं लागतं. पाणी म्हणाल तर विहीर, शेततळं आणि पावसाळ्यात घरापुढे साचतं ते. पण मोबाइलवर रील्स बघणाऱ्याला कुठलाच समुद्र लांब नसतो. निळ्याशार पाण्यातून एक शार्क संथपणे कॅमेऱ्याकडे येतो, अगदी शेवटच्या क्षणी वळतो, आणि आपण खाटेवर पडल्या पडल्या ठरवून टाकतो, ‘बस्स, आपल्याला हेच करायचंय!’

मागच्या वर्षभरात आपल्याच भागातल्या चार-पाच पोरापोरींनी मला मेसेज करून तोच प्रश्न विचारला : “दादा, शार्कसाठी कोणता कॅमेरा घेऊ?” एकाने तर थेट तीन मॉडेलांचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, “सोयाबीनचे पैसे आलेत, लवकर सांग.”

ते ‘लवकर सांग’ वाचून मला घाम फुटला. कारण सोयाबीनचे पैसे म्हणजे काय, ते तुम्हालाही ठाऊक आहे. त्यातून खत-बियाण्याची उधारी जाते, कुणाची फी जाते, कुणाचं लग्न अडलेलं असतं. त्या पैशातून कॅमेरा घ्यायचा असेल तर तो चुकून चालत नाही. म्हणून एकेकाला उत्तर देण्यापेक्षा इथेच सगळ्यांना सांगतो. कॅमेऱ्याचं मॉडेल हा या छंदातला पहिला प्रश्न नाहीच. तो चौथा किंवा पाचवा आहे. आणि आधीचे प्रश्न सोडवल्याशिवाय जो कॅमेरा घेतो, तो बहुतेक वेळा महागडा पेपरवेट घेतो.

माझा राखाडी शार्क

हे शहाणपण पुस्तकातून आलेलं नाही. मी आधी कॅमेरा घेतला आणि मग पाण्यात उतरलो. छोटासा अ‍ॅक्शन कॅमेरा होता, वेगळ्या डब्याशिवाय दहा मीटरपर्यंत चालेल असा. घरी दाखवला तर बाबा म्हणाले, “पाण्यात बुडवाले घेतला हा? काहून? बाहेर काही दिसत नाही का तुले?” मला राग आला होता. आज वाटतं, त्यांचा प्रश्न बरोबरच होता, फक्त उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तो कॅमेरा घेऊन मालवणला गेलो. पर्यटकांचं डायव्हिंग तुम्ही बघितलं असेल. प्रशिक्षक तुम्हाला मागून धरतो, काही मीटर खाली नेतो, माशांमध्ये फिरवतो, वर आणतो. मी खाली गेलो, घाबरलो, पाय झाडले. पायांनी तळाची वाळू उडाली आणि सगळे फोटो हिरव्या धुक्यात गेले. मासे होते म्हणे त्यात.

पुढे पैसे जमवून अंदमानला गेलो. या वेळी मित्राचा चांगला कॉम्पॅक्ट कॅमेरा होता, त्याच्या जलरोधक डब्यासकट. या डब्याला हाउसिंग म्हणतात. तिथे नशीब उघडलं. व्हाइटटिप रीफ शार्क दिसला! मी उत्साहात त्याच्या मागे लागलो, तो शेपटीच्या दोन फटकाऱ्यांत निघून गेला. शेवटच्या डाइव्हच्या आधी घाईघाईत हाउसिंग बंद केलं, झाकणाच्या रबरी रिंगवर माझाच एक केस अडकला होता. पाण्यात उडी मारल्या मारल्या आत थेंब दिसले. कॅमेरा गेला. मित्राला भरून द्यायला मला आठ महिने लागले. मेमरी कार्ड तेवढं वाचलं. त्यातला माझा शार्क आजही बघायला मिळतो : निळ्या पार्श्वभूमीवर एक राखाडी काकडी.

त्या काकडीने मला जे शिकवलं, ते कुठल्या जाहिरातीत नव्हतं.

पाणी काय काय खातं?

हवेत फोटो काढणं आणि पाण्यात काढणं यांत फरक का पडतो, ते आधी समजून घ्या. कॅमेरा निवडणं त्यानंतर सोपं होतं.

पहिली गोष्ट, पाणी रंग खातं. सूर्यप्रकाशातला लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो. दहा मीटरवर तुमचा लाल टी-शर्ट काळपट दिसतो. उरतो तो निळा आणि हिरवा. माझे मालवणचे फोटो हिरवे येण्याचं एक कारण हेच.

दुसरी गोष्ट, पाणी स्वच्छ दिसलं तरी त्यात कण असतात. तुमच्या आणि माशाच्या मध्ये जितकं पाणी जास्त, तितका फोटो धुरकट. झूम करून उपयोग नाही, कारण झूम माशासोबत मधलं पाणीही मोठं करतं. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळविटाचा फोटो काढताना लांब लेन्स लावून दूर थांबायचं असतं. पाण्यात बरोबर उलटं. इथे रुंद लेन्स लावायची आणि जवळ जायचं. म्हणून शार्कचे फोटो काढणारे बहुतेक जण फिशआय किंवा अतिरुंद कोनाच्या लेन्स वापरतात. कॅननची ८-१५ मिमी आणि टोकिनाची १०-१७ मिमी या त्यातल्या गाजलेल्या. त्या रीलमधला शार्क स्क्रीनभर दिसतो, कारण काढणारा त्याच्यापासून हातभर, फार तर दोन हात लांब होता.

तिसरी गोष्ट, पाणी प्रकाश वाकवतं. बादलीत ठेवलेली काठी वाकडी दिसते ना, तेच. यामुळे हाउसिंगची काच सपाट असेल तर लेन्सचा कोन अरुंद होतो आणि सगळं एक चतुर्थांश जवळ आल्यासारखं दिसतं. रुंद लेन्सचा फायदा टिकवायचा असेल तर समोर घुमटासारखी काच लागते, तिला डोम पोर्ट म्हणतात. दुकानात कुणी स्वस्तात हाउसिंग दाखवलं तर पहिला प्रश्न हा विचारा : “याला डोम लागतो का? कोणत्या लेन्सला चालतो?”

चौथी गोष्ट दाबाची. दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर तुमच्या कॅमेऱ्यावर जमिनीच्या दुप्पट दाब. गंमत म्हणजे खोल गेल्यावर हाच दाब झाकण घट्ट दाबून धरतो. हाउसिंग गळतं ते बऱ्याचदा वरच, उथळ पाण्यात. माझंही तसंच झालं.

आता तुम्ही विचाराल, “आणि लाइट?” पाण्याखालच्या मोठ्या फ्लॅशला स्ट्रोब म्हणतात. प्रवाळ, छोटे मासे यांच्यासाठी तो भारी, गेलेला लाल रंग परत आणतो. पण त्याचा उजेड पाण्यात दीड-दोन मीटरपलीकडे फारसा पोचत नाही आणि मधल्या कणांवर पडून फोटोत बर्फ पडल्यासारखे ठिपके उमटतात. शार्क मुळात राखाडी, मागे निळं पाणी. लाल रंग नसला तरी त्याचं फार बिघडत नाही. म्हणून माझं मत असं की, शार्क हाच विषय असेल तर सुरुवातीला स्ट्रोबवर पैसे घालू नका. कमी खोलीवर, सूर्य पाठीशी ठेवून, शटर २५०च्या आसपास ठेवलं तर नैसर्गिक उजेडात उत्तम फोटो येतात. कॅमेरा रॉ फाइल देत असेल तर रंग नंतर बराच सावरता येतो.

मग पैसे कुठे घालायचे?

वरच्या सगळ्यातून एकच गोष्ट निघते, जवळ जाता आलं पाहिजे. आणि शार्कच्या जवळ जाणं विकत मिळत नाही. पाठलाग केला की रीफ शार्क पळतो. जो डायव्हर एका जागी स्थिर तरंगतो, हात-पाय मारत नाही, श्वास संथ ठेवतो, त्याच्या जवळून तो स्वतःहून जातो. हे स्थिर तरंगणं शिकावं लागतं. त्याला पन्नास मेगापिक्सेलचा पर्याय नाही.

म्हणून माझा क्रम असा.

सगळ्यात आधी पोहणं. आपल्याकडे पाठीला डबा बांधून विहिरीत शिकणारी पिढी अजून आहे, त्यांना पकडा. पण दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. शेततळ्यात सराव करायचा नाही. त्यातला प्लॅस्टिकचा कागद इतका निसरडा असतो की चांगल्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही आणि दरवर्षी त्यात पोरं जातात. दुसरं, श्वास रोखून पाण्याखाली राहायची पैज एकट्याने लावायची नाही. माणूस कसलीही सूचना न मिळता बेशुद्ध होतो आणि वरून बघणाऱ्याला तो मजेत वाटतो.

मग डायव्हिंगचा कोर्स. ‘ओपन वॉटर’ नावाचा पहिला कोर्स तीन-चार दिवसांचा असतो. तो केला की जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जाता येतं. साधारण पंचवीस ते चाळीस हजारांच्या घरात खर्च येतो. ‘एवढ्यात तर कॅमेरा येतो,’ असं तुम्ही म्हणाल. हो, येतो. पण कॅमेरा पाच वर्षांत जुना होतो, कोर्स आयुष्यभर राहतो. महाराष्ट्रात तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, शिकायला अंदमानपर्यंत जायलाच पाहिजे असं नाही. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बंद.

कोर्स झाल्यावर पहिल्या दहा-पंधरा डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय करा. हे सांगितलं की सगळ्यांचे चेहरे पडतात. पण हातात कॅमेरा आला की नवखा माणूस हवेचा मीटर बघायला विसरतो, खोली विसरतो, जोडीदार विसरतो. तरंगणं अंगात भिनलं की मग कॅमेरा. तोही आधी भाड्याने. अनेक डाइव्ह सेंटरवर मिळतो.

आणि मग खरेदी. सुरुवातीला एक दणकट कॉम्पॅक्ट पुरतो. ऑलिम्पसचा टीजी-६ किंवा त्यानंतरचा टीजी-७ या वर्गातला कॅमेरा हाउसिंगशिवाय १५ मीटरपर्यंत चालतो, रॉ फाइल देतो, त्यावर पुढे रुंद कोनाची लेन्सही चढवता येते. मोबाइलवर मात्र विसंबू नका. त्याची ‘वॉटरप्रूफ’ चाचणी गोड्या, शांत पाण्यातली असते. खारं पाणी वेगळंच प्रकरण आहे आणि पाणी गेलं तर बहुतेक कंपन्यांची वॉरंटी हात वर करते.

मिररलेसचा विचार यानंतर. तिथेही उलटा क्रम लावा : आधी हाउसिंग बघा, मग कॅमेरा. चांगलं हाउसिंग एकाच मॉडेलला बसतं आणि अनेकदा कॅमेऱ्याहून महाग असतं. कॅमेरा बदलला की ते माळ्यावर. ऑफरमध्ये मिळाला म्हणून कॅमेरा घेतला आणि त्याला हाउसिंगच निघालेलं नाही, असं झालेले लोक मला माहीत आहेत.

“पण दादा, कॅमेरा हातात असल्याशिवाय हात कसा बसणार?” हा प्रश्न रास्त आहे. सगळं शिकून होईपर्यंत उत्साह टिकला पाहिजे ना! टिकवा की. असलेल्या मोबाइलवर उजेड ओळखायला शिका. काळवीट असो की बांधावरचा सरडा, प्राणी बिथरणार नाही असं जवळ जायला शिका. हा संयम पाण्यात जसाच्या तसा कामी येतो. फक्त त्यासाठी कर्ज काढू नका. हप्त्यावर घेतलेला कॅमेरा दर महिन्याला तुम्हाला समुद्रावर ढकलतो, तयारी असो वा नसो. पाण्याखाली ही घाई जिवावर बेतू शकते.

फोटो कशासाठी?

आता बाबांच्या ‘काहून’कडे परत येऊ. शार्कचा फोटो कशासाठी हवा, हे ठरलं की निम्मी खरेदी आपोआप ठरते.

व्हेल शार्क घ्या. जगातला सगळ्यात मोठा मासा, १८ मीटरपर्यंत वाढतो आणि खातो काय, तर पाण्यातले बारीक जीव. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो येतो. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याची सर्रास शिकार व्हायची. माइक पांडे यांनी ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटात ती जगाला दाखवली. २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. त्या कत्तलीचं चित्रण करायला पाण्याखालच्या झगमगत्या लेन्सपेक्षा किनाऱ्यावर उभं राहायची तयारी जास्त लागली असणार.

या माशाच्या अंगावरचे पांढरे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. कल्ल्यांच्या मागे, डाव्या बाजूचा एक स्पष्ट फोटो असेल तर शास्त्रज्ञ तो नेमका कोणता मासा ते ओळखू शकतात. ठिपके जुळवायची पद्धत तर खगोलशास्त्रातून घेतलीय, आकाशातल्या ताऱ्यांचे नकाशे जुळवायला बनवलेलं गणित! असे फोटो जगभरातले साधे पर्यटकही पाठवतात. यासाठी स्ट्रोब नको, लाखाचं हाउसिंग नको. उलट ऑस्ट्रेलियातल्या निंगालूसारख्या ठिकाणी व्हेल शार्कजवळ फ्लॅशला मनाईच आहे आणि अंगापासून तीन मीटर लांब राहावं लागतं. इथे रुंद लेन्सचा साधा कॅमेरा आणि पोहणारं अंग पुरतं.

आणि आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण तर याहून भारी आहे. डिसेंबर २०१८ पासून राज्यात एक योजना आहे. मच्छीमाराच्या जाळ्यात व्हेल शार्क, कासव, डॉल्फिन असा संरक्षित जीव अडकला आणि त्याने जाळं कापून तो सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून लागतात ते सुटकेचे फोटो किंवा व्हिडिओ. म्हणजे बोट हलतेय, हात ओले आहेत, पोटाला लागणारं जाळं कापलं जातंय, आणि एक जण प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल धरून शूटिंग करतोय. फोकस हललेला, क्षितिज वाकडं. त्या फोटोला कुठे बक्षीस मिळणार नाही. पण त्यामुळे एक जनावर पाण्यात परत जातं आणि एका घराचं जाळं भरून निघतं. माझ्या मते आपल्या किनाऱ्यावर शार्कसाठी सगळ्यात कामाला आलेला कॅमेरा तोच असेल.

मला म्हणायचंय ते एवढंच. मोठ्या कॅमेऱ्याचं स्वप्न बघा, जरूर बघा. वाशीम जिल्ह्यातल्या पोरांनी समुद्राचे फोटो काढू नयेत, असं कुठल्या सातबाऱ्यावर लिहिलेलं नाही. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेल्यापासून मुंबईही पूर्वीइतकी लांब राहिलेली नाही. पण वस्तू विकत घेतली म्हणजे आपण त्या जगातले झालो, हा समज सोडा. त्या जगात शिरायची फी श्वासाने आणि सरावाने भरावी लागते, त्यासाठी हप्ते पाडून मिळत नाहीत.

सोयाबीनवाल्या त्या पोराला मी शेवटी हेच लिहिलं. त्याचा दोन दिवस रिप्लाय नाही. मग एक मेसेज आला : “पोहणं कोणाकडे शिकू?” मला शार्क दिसल्याइतका आनंद झाला.

आणि तुमच्यापैकी कुणाकडे कॅमेरा, हाउसिंग आधीच असेल तर एक काम आजच करा. रबरी रिंग काढून पुसा, केस-माती बघा, तिच्यासाठी मिळतं ते ग्रीस अगदी पातळ लावा. कॅमेरा बाहेर ठेवून रिकाम्या हाउसिंगमध्ये टिश्यू पेपर घाला आणि ते अंगणातल्या हौदात अर्धा तास दगडाखाली बुडवून ठेवा. पेपर कोरडा निघाला तर पुढचं बोलू. समुद्रावरून आल्यावरही आधी गोड्या पाण्यात भिजवा, मग उघडा.

मी हे करत असतो तेव्हा बाबा येऊन उभे राहतात. आता ते काहून विचारत नाहीत. पेपर बाहेर काढला की चिमटीत धरून बघतात आणि म्हणतात, “कोरडा हाय. जा आता.”